रागावर साखर

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. माय म्हणायची, ही पोट्टी जन्मली ती सुइणीवर ओरडतच. नळावर कोणी माझी घागर मागे सरकवली, भाजीवाल्यानं काट्याला बोट लावलं, बाबांनी वर्तमानपत्र वाचून उलटं दुमडलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दहा मिनिटांत उतरायचीही. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीला त्याची सवय होती आणि मलाही. तो राग माझा होता. त्याबद्दल कोणाला काही सिद्ध करून दाखवावं लागेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बाविसाव्या वर्षी मला डायबेटिस निघाला. काळ सत्तर सालच्या आसपासचा. शिक्षिकेचा कोर्स संपवून मी घरी बसले होते आणि नेमणुकीच्या पत्राची वाट पाहत होते. एप्रिल लागला तशी मी तांब्यामागून तांब्या पाणी रिचवू लागले, पण एप्रिलमध्ये नागपुरात तहान कोणाला लागत नाही? कोणाच्या लक्षातच आलं नाही. मी वाळत चालले तर माय म्हणाली, अभ्यासानं वाळली. एकदा रेशनच्या दुकानात गमतीनं धान्याच्या काट्यावर उभी राहिले आणि दिवाळीपेक्षा आठ किलो कमी भरले. दुकानदार हसला. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिलमधून रजा काढून ते मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, आणि मी तिथून दहा दिवसांनी परत आले.

आले ती एक लहानसा दवाखाना घेऊनच. काचेची सिरिंज, दोन सुया, कापूस, स्पिरिट. इन्शुलिनच्या दोन बाटल्या, एक पाण्यासारखी स्वच्छ, दुसरी दुधाळ. आधी स्वच्छ ओढायचं, मग दुधाळ. उलट झालं तर स्वच्छ बाटली वाया गेली म्हणून समजायचं. फ्रिज आमच्या वस्तीत कोणाकडेच नव्हता. मायनं पाण्याच्या माठाशेजारी ओल्या रेतीत एक बोळकं रोवलं आणि त्यात त्या बाटल्या ठेवून वर ओलं फडकं टाकलं. दिवसातून चार वेळा ती ते फडकं ओलं करायची, तेही एखाद्या तान्ह्या लेकराला जपावं तसं. मला त्याचाही राग यायचा. माझ्यासाठी एवढं कोणी करू नये असं वाटायचं, आणि केलं नाही तर मी मरेन हेही कळत होतं.

लघवी तपासायला एक काचनळी होती, आणि बाबांनी इतवारीतून आणलेला पितळेचा स्पिरिटचा दिवा. नळीत चमचाभर निळं औषध, त्यात आठ थेंब, मग उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं म्हणजे थोडी, मग पिवळं, नारिंगी, आणि विटकरी झालं तर कपाळाला हात. आमच्या घरात निळा रंग तसाही मानाचा. माय-बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती आणि भिंतीवरच्या फोटोखालचं कापडही निळंच होतं. नळी निळी राहिली की मायचा चेहरा खुलायचा, विटकरी झाली की ती माझ्याकडे असं बघायची जसं काही मी शेजारच्या घरून काही उचलून आणलंय. रंग मी वहीत लिहायची. दर तिसऱ्या दिवशी वही घेऊन दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरीणबाई इन्शुलिन दोन युनिट वर करायच्या किंवा दोन युनिट खाली. अजून नीट बसलं नाही म्हणायच्या. शिंप्याकडे ब्लाउज घालून पाहावं तसं महिनाभर चाललं होतं.

मे महिन्यात नेमणुकीचं पत्र आलं. बसनं तासाभराच्या वाटेवरच्या मौद्याच्या प्राथमिक शाळेत, उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपताच हजर व्हायचं. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी. मी ते पत्र उशीखाली ठेवून झोपायची आणि सकाळी तिथंच आहे ना, हे पाहायची. पण हजर होताना तब्येत ठीक असल्याचा कागद लागणार होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "शाळा उघडायच्या आधी पंधरा दिवस मला वही नीट दिसली पाहिजे. नळी पिवळ्याच्या वर जाता कामा नये, आणि साखर उतरून पडता कामा नये. मग मी सही करते." म्हणजे माझी नोकरी आता एका काचनळीच्या रंगावर आली.

आता भोंग्याचं सांगते. घरात घड्याळ एकच होतं आणि ते बाबांच्या मनगटावर बसून पहाटे सहाला मिलमध्ये जायचं. मायला घड्याळ वाचता येत नव्हतं आणि तिचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं. सगळी वस्ती मिलच्या भोंग्यावर उठायची, रांधायची, नळावर जायची. सुई घेतल्यावर अर्ध्या तासानं जेवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावल्यावर मायनं ते लगेच आपल्या भाषेत बसवून टाकलं. साडेसहाचा भोंगा झाला की सुई, सातचा झाला की भाकर. आधी नाही, नंतर नाही. जगात भोंग्याइतकं पक्कं काही नाही, यावर तिचा पूर्ण विश्वास होता.

त्या दिवशी साडेसहाचा भोंगा झाला. मी सुई घेतली आणि दारात पेपर वाचत बसले. मायनं भाकरी थापून फडक्यात गुंडाळून ठेवल्या. ऊन ओट्यावर चढलं. पेपर मी दोनदा वाचून काढला. मग मला अक्षरं आवडेनाशी झाली. कोणी मुद्दाम वाकडी छापली आहेत असं वाटायला लागलं.

"माय, भाकर दे."

"भोंगा होऊ दे."

"केव्हाचा झाला असन. तुले ऐकू नसन आला."

"भोंगा मले ऐकू नाही येनार? बावीस वर्सं झाली ऐकून राहिली मी. थांब जराशी."

"भोंगा गेला खड्ड्यात! मले भाकर दे!"

"सकाळी सकाळी सुरू झाली वं तुही," माय म्हणाली आणि पाठ फिरवून भांडी घासू लागली.

मी समोरची ताटली उचलली आणि दाराबाहेर भिरकावली. ताटली गडगडत गल्लीत गेली. ती आणायला मी उठले, आणि नालीच्या कडेशी पोचल्यावर हे चकाकणारं गोल काय असतं, हेच मला आठवेना. शेजारच्या काकूनं पाहिलं तेव्हा मी नालीशी बसून त्या ताटलीला शिव्या देत होते आणि घामानं लुगडं अंगाला चिकटलं होतं. ती किंचाळली. मायनं धावत येऊन माझ्या गालात गुळाचा खडा कोंबला. नंतर कळलं की आठ वाजून गेले होते. भोंग्याची वाफेची नळी फुटली होती आणि मिलनं सातची पाळी नुसती घंटा वाजवून सुरू केली होती. बाबांच्या सगळ्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पडायच्या आधी काय झालं? माय म्हणाली, "काही नाही बाई. रागावली होती. पन ते तं रोजचंच आहे."

"रोजचं असेल, पण कालचं तसं नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साखर उतरली की माणूस चिडतो. ही चिडली की आधी साखर द्या, बोलणं नंतर."

त्या बाई फार भल्या होत्या. पण त्या एका वाक्यानं माझं पुढचं दोन आठवड्यांचं आयुष्य पार नासवलं.

मायनं साखरेच्या पुड्या बांधल्या. एक चुलीजवळ, एक माझ्या उशाशी, एक बाबांच्या सदऱ्याच्या खिशात. मी "हे काय?" असं जरा चढ्या आवाजात म्हटलं की माझ्यासमोर साखरपाण्याचा पेला हजर. मी नको म्हटलं की ते आणखी वाईट, कारण नको म्हणणं हेही लक्षणच. बाबा एका हातानं माझं मनगट धरायचे आणि दुसऱ्या हातानं पेला लावायचे. वस्तीलाही हे कळायला वेळ लागला नाही. नळावर एका बाईनं माझ्या घागरीआधी आपली बादली लावली, तिच्याशी मी भांडायला उभी राहिले, तर ती कमरेवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाली, "अवं, कोनी साखर आना वं इच्यासाठी!" सगळ्या हसल्या. बादली तिची भरली. त्या दिवसापासून माझ्याशी भांडण जिंकायचं हत्यारच वस्तीच्या हाती लागलं. माझं म्हणणं खरं की खोटं, हे बघायची कोणाला गरजच उरली नाही.

आणि साखर साखर करत नळी नारिंगी व्हायला लागली. वहीत नारिंगी दिसलं की डॉक्टरीणबाई दोन युनिट वाढवायच्या. इन्शुलिन वाढलं की एखाद्या दुपारी साखर खरंच उतरायची, मी खरंच सैरभैर व्हायची, पुन्हा साखर, पुन्हा नारिंगी. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच. शाळा उघडायचे दिवस जवळ येत होते आणि पंधरा दिवसांची मोजणी पुन्हा पुन्हा पहिल्या दिवसावर येऊन बसत होती.

सगळ्यात वाईट म्हणजे मलाच कळेनासं झालं. जरा कपाळाला आठी पडली की मी आडोशाला जाऊन हाताची बोटं पसरून बघायची. थरथरतात का? घाम आलाय का? हा राग माझा की सुईचा? मग त्या बघण्याचाच राग यायचा आणि बोटं थरथरायची. चार दिवस रागावायचंच नाही असं ठरवलं. त्या चार दिवसांत मी ओठ मिटून घरभर फिरत राहिले. इथलं भांडं तिथे ठेव, तिथलं इथे. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जावं ते कळेना. मला भीती वाटत होती, हे आता सांगायला लाज नाही. मौद्याच्या वर्गात चाळीस लेकरांसमोर उभी आहे आणि एखाद्या पोरावर ओरडले, तर तिथे कोण साखर आणणार? आणि माझा राग जर औषधाचाच असेल, तर मग माझं असं माझ्यात काय उरलं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांना सुट्टी होती. दुपारी मी वही शोधत होते. ती फळीवर बाबांच्या कागदांखाली सापडली, आणि वहीबरोबर एक चिठ्ठी हाताला आली. बाबांचं एकेक अक्षर लावत लिहिलेलं वळण. शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहिलं होतं की माझी मुलगी आजारी असल्यामुळे कामावर हजर होऊ शकत नाही, तरी तिची जागा दुसऱ्यास द्यावी. खाली त्यांची सही. तारखेची जागा मात्र कोरी होती.

मी काय काय बोलले ते आठवत नाही. भिंतीपलीकडची काकू आपलं काम टाकून आली एवढं आठवतं. "माही नोकरी! मले इचारल्याशिवाय! कोनी हक्क देला तुम्हाले?" माझा आवाज फाटत होता. बाबांनी मनगट धरलं. माय पेला घेऊन धावली. "पी आधी, मंग बोल."

मी दात घट्ट मिटले. मग तोंड सोडवून म्हटलं, "नाही पिनार. पहिले नळी लाव. निळी राह्यली तं राग औषधाचा, मी गुमान पिईन. नारिंगी झाली तं राग माहा आहे. मंग तुमी दोघं बसून ऐकाल."

माय पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिनं बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पेला खाली ठेवून दिवा पेटवला.

डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं, की पहिली लघवी जुनी असते, अर्ध्या तासानं होते ती आताची खरी. मी अर्ध्या तासापूर्वीच एकदा जाऊन आले होते. आता पुन्हा गेले. मायनं एकेक थेंब मोठ्यानं मोजला, एक ते आठ, सावकाश. खोलीत उन्हानं जीव नकोसा झाला होता, त्यात तो दिवा. नळीत बुडबुडे आले. निळा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा, आणि मग कोणाला शंकाच उरू नये असा पिकलेल्या संत्र्याचा रंग आला.

"हा राग इचाच आहे," माय म्हणाली.

बाबा म्हणाले, "पन साखर तं वाढलीच ना. मंग ही जाईन कशी मौद्याले?"

मी वही त्यांच्यापुढे टाकली. प्रत्येक नारिंगी खुणेशेजारी मी पेन्सिलीनं फुल्या काढून ठेवल्या होत्या. रागावले म्हणून पाजलेल्या साखरेची एकेक फुली. बाबा बोट फिरवत वाचत गेले. ते नेहमीच सावकाश वाचायचे, त्या दिवशी फारच सावकाश. वाचून झाल्यावर त्यांनी खिशातली पुडी काढली आणि वहीवर ठेवली.

"मले भेव वाटते, पोरी," ते म्हणाले. "त्या दिवशी तू नालीपाशी बसून होती अन् मी मिलमधे. मले संध्याकाळी समजलं. बसमधे पडली तं तुले कोन ओळखन?"

असं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझा राग तिथेच उतरला आणि मला रडू आलं. मी म्हटलं, "मले बी वाटते, बाबा. तरी मले जाचं आहे."

त्यांनी खिशातून पेन काढलं. मग ती चिठ्ठी उलटी केली आणि पाठकोऱ्या बाजूला लिहायला लागले. सहाला सुई. साडेसहाला भाकर. सव्वासातची बस. दहाला मधल्या सुट्टीत पोळी. प्रत्येक ओळ लिहून ते माझ्याकडे बघत, आणि मी मान डोलावली की पुढची ओळ लिहीत.

त्यानंतर घरात नियम बदलला. मी चिडले की आधी हात पुढे करायचा. थरथरत असेल, तळवा ओला गार असेल, तर साखर. नसेल तर भांडण. तेही पूर्ण, शेवटपर्यंत. काकूलाही हे सांगून ठेवलं आणि नळावरच्या त्या बाईला मी स्वतः सांगितलं, जरा सविस्तर. नळी हळूहळू पिवळ्यावर आली, मग हिरव्यावर. डॉक्टरीणबाईंनी चार युनिट कमी केले. पंधरापैकी दोन दिवस बिघडले होते. त्यांनी त्या दोन खुणांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कागदावर सही केली.

शाळेत हजर व्हायच्या दिवशी दोघंही मला बस स्टँडवर पोचवायला आले. बाबांनी त्यासाठी पाळी बदलून घेतली होती. बस लागली तसं त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातावर बांधलं. पट्टा मला ढिला होईल म्हणून त्यांनी घरूनच त्याला एक जादा भोक पाडून आणलं होतं.

"तुम्हाले लागन ना," मी म्हटलं.

"मले भोंगा आहे. मौद्याले कुठं भोंगा आहे?"

मग ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "आठ दिवस जाऊन पाह्य. नाही जमलं तं मी चिठ्ठी देतो धाडून."

"काहून आठ दिवस?"

हे मी म्हटलं नव्हतं. माय म्हणाली होती. आणि तिचा आवाज चढला होता, भर स्टँडवर, लोकांसमोर. "चिठ्ठी लिहिली तवा मले इचारलं होतं काय तुमी? बावीस वर्सं तुमच्या भोंग्यावर भाकरी थापून राहिली मी. एक दिवस इचारलं, तुह्या मनात काय आहे म्हनून? पोट्टी जाईन! आठ दिवस नाही, जितके दिवस तिच्या मनात असन तितके दिवस जाईन!"

तिला असं बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्या कपाळावर घाम फुटला होता, हात थरथरत होते. मी काही विचारच केला नाही. सवयीनं पिशवीत हात गेला, पुडी काढली आणि तिच्यासमोर धरली.

मायनं पुडीकडे बघितलं. मग माझा हात बाजूला सारला.

"ठेव ते तुह्यापाशी," ती म्हणाली. "हा माहा आहे."

कंडक्टरनं घंटी मारली. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. वळणावरून मागे पाहिलं तर माय अजून बोलतच होती, आणि बाबा तिच्यासमोर उभे राहून ऐकत होते.